साठ वॉटचा माणूस

दिल्लीत टॉल्स्टॉय मार्गाच्या चौकात डावीकडे वळायचं असेल, तर सायकलस्वार आधी हँडल उजवीकडे नेतो. फार नाही, एखाद-दोन अंश, आणि तेही निमिषभर. त्यासरशी चाकं त्याच्या अंगाखालून उजवीकडे सरकतात, अंग डावीकडे कलतं, आणि ते कललं की मग हँडल डावीकडे येऊन वळण सुरू होतं. त्याला थांबवून विचारा, डावीकडे कसा वळलास? तो तुम्हालाच वेड्यात काढेल. हँडल डावीकडे फिरवलं, आणखी काय! पण खरंच तसं केलं असतं तर चाकं डावीकडे गेली असती, अंग उजवीकडे राहिलं असतं आणि तो उजव्या खांद्यावर आपटला असता, बहुधा मागून येणाऱ्या बसच्या पुढ्यात.

विमान उडवणाऱ्या राईट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलींचं दुकान होतं. थोरल्या विल्बरने हा उलटा प्रकार ओळखला होता. त्याने डझनावारी सायकलस्वारांना विचारून पाहिलं आणि एकालाही पहिल्या फटक्यात नीट उत्तर देता आलं नाही. पुढे आकाशात त्यांना जे साधलं त्याचं मूळ इथेच आहे. इतर लोक आपोआप सपाट राहील असं विमान शोधत होते. सायकलच्या धंद्यात वाढलेल्या या दोघांना डगमगणारं यंत्र हवं होतं, कारण डगमगणारं यंत्र कलवून वळवता येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपला माणूस मात्र कामावर निघालाय. समजा तो पहाडगंजहून निघतो. तिथे बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे, म्हणजे दिल्लीतला आपला जुनाच मुलूख. कनॉट प्लेसला वळसा घालून तो कस्तुरबा गांधी मार्गाला लागतो. दोन किलोमीटरही भरणार नाही असा हा सरळसोट रस्ता, कनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळातून निघून इंडिया गेटभोवतीच्या षटकोनाला जाऊन मिळतो. इंग्रजांच्या राज्यात हा कर्झन रोड होता. वाटेत हिंदुस्तान टाइम्सची इमारत लागते, मुंबईच्या चार्ल्स कोरियांनी बांधलेलं ब्रिटिश काउन्सिल लागतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन या चित्रकाराने काळ्या-पांढऱ्या दगडात पसरवलेलं अवाढव्य झाड दिसतं. मग अमेरिकन सेंटर, मॅक्समुल्लर भवन, भारतीय विद्या भवन, आणि इंडिया गेटच्या बाजूला २०१३ साली उघडलेलं नवं महाराष्ट्र सदन. ज्यांचं नाव रस्त्याला दिलं त्या कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी गेल्या त्या पुण्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेत. त्यांचे पती १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत प्लेग आल्याची चिठ्ठी मिळताच सायकलवर टांग मारून तिकडे धावले होते, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. तेव्हा या रस्त्यावर सायकलचा हक्क तसा घरचाच म्हणायचा.

आता थोडा हिशेब. माणूस सत्तर किलोचा, सायकल वीस किलोची, ती आपली काळी, दणकट, दांडीवाली. वेग ताशी पंधरा किलोमीटर. सपाट डांबरावर एवढा वेग टिकवायला त्याच्या पायांना पायडलवर साधारण साठ वॉट ताकद द्यावी लागते. घरातला जुना छताचा पंखा याहून जास्त खातो. या साठांपैकी निम्मे टायर दबून पुन्हा फुगण्यात जातात आणि उरलेले निम्मे समोरची हवा बाजूला सारण्यात. पूर्ण रस्ता पार करायला त्याला सात-आठ मिनिटं लागतात. स्नायू खाल्लेल्या अन्नातला जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात आणि बाकीचा उष्णतेत घालवतात, हे धरलं तरी या अख्ख्या मार्गाचा खर्च तीसेक किलोकॅलरी होतो. एका पोळीत तो कनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत जाईल, परत येईल आणि पुन्हा जाईल. शेजारून जाणारी मोटार, लिटरला पंधरा किलोमीटर देणारी धरली तरी, तेवढ्याच अंतरात हजारेक किलोकॅलरीचं पेट्रोल जाळते. आणि आत बसलेला असतो एकच जण.

१९७३ साली ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन या अभियंत्याने सायंटिफिक अमेरिकन मासिकात एक आलेख छापला. एक ग्रॅम वजन एक किलोमीटर न्यायला किती ऊर्जा लागते, याची त्यात तुलना होती. घोडा, मासा, पक्षी, विमान, मोटार, सगळे त्यात होते. चालणारा माणूस बऱ्यापैकी जागेवर होता, पण पहिला नंबर त्याचा नव्हता. त्याच माणसाला सायकलवर बसवल्यावर मात्र तो सगळ्या प्राण्यांच्या आणि सगळ्या यंत्रांच्या पुढे गेला, चालण्याच्या सुमारे एक पंचमांश खर्चात. उत्क्रांतीला पायांच्या रचनेत कोट्यवधी वर्षांत जे जमलं नाही, ते एकोणिसाव्या शतकातल्या लोहारांनी आणि घड्याळजींनी सत्तर-ऐंशी वर्षांत करून टाकलं.

कारण अगदी साधं आहे. चालताना दर पावलाला आपण स्वतःचं अंग थोडं उचलतो आणि पुन्हा खाली सोडतो. शिवाय उभं राहण्याचाच खर्च असतो. सायकलवर वजन सीट पेलते. मांडीचे मोठे स्नायू सावकाश, एका लयीत फिरत राहतात, आणि स्नायूंना नेमकी अशीच चाल आवडते. मधली चेन तर कमालीची इमानदार. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने रोलरची साखळी काढली आणि अजूनही आपण तीच वापरतो. स्वच्छ आणि तेल घातलेली चेन पायाकडून घेतलेल्या शंभर भागांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग मागच्या चाकाला पोचवते. मधल्या मध्ये इतकं कमी खाणारा मध्यस्थ दिल्लीत तरी दुसरा नसावा.

मग तो जोरात का जात नाही? वेग दुप्पट केला, तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो ओलांडायला लागणारी ताकद आठपट. टायरचा हिस्सा धरून ताशी तीस किलोमीटरला साठचे तीनशे वॉट होतात. एवढी ताकद शर्यतीत उतरणाराच काही वेळ काढू शकतो. दिल्ली, नागपूर, मालेगाव, कुठेही जा, कामावर जाणारा सायकलस्वार बारा ते पंधराच्या वेगात दिसतो. हे गणित त्याच्या मांड्यांनीच सोडवलेलं असतं.

फुटपाथच्या कडेला, कडुनिंबाखाली, पाण्याचं घमेलं आणि पंप घेऊन बसलेला पंक्चरवाला या रस्त्यांवर अजून भेटतो. त्याला चाकाचा आउट काढताना बघावं. उलटी ठेवलेली सायकल, हलकेच फिरवलेलं चाक, रिमजवळ धरलेलं बोट किंवा खडू. जिथे घासेल तिथला एक आरा किंचित आवळायचा, समोरचा किंचित ढिला करायचा. जुन्या धाटणीच्या सायकलीत पुढच्या चाकाला बत्तीस आरे आणि मागच्याला चाळीस. प्रत्येक आरा दोन मिलिमीटर जाडीची तार. उभा धरून वरून दाबलात तर लगेच वाकेल. बैलगाडीच्या चाकात खालचा जाड लाकडी आरा वजन पेलतो, हे डोळ्यांना पटतं. पण तारेवर नव्वद किलो उभे कसे राहतात?

चाक जोडतानाच सगळे आरे घट्ट ताणून बसवलेले असतात, म्हणून. वजन आलं की जमिनीच्या बाजूचे तीन-चार आरे थोडे सैल होतात आणि बाकीच्यांच्या ताणात जवळजवळ काही फरक पडत नाही. सैल होणं म्हणजेच इथे दाबणं. तार ढिली पडली पण ताण शून्यावर गेला नाही, तोवर ती खांबाचं काम करते. जवळजवळ सगळ्यांना वाटतं की माणूस वरच्या आऱ्यांना टांगलेला असतो. मोजून पाहिलं तर तो खालच्या आऱ्यांवर उभा असतो, अशा तारांवर ज्यांना उभं राहणं मुळात जमत नाही. चाक फिरतं तशी ही पाळी प्रत्येक आऱ्यावर येते, किलोमीटरमागे साडेचारशे वेळा. म्हणून एकही आरा ढिला राहून चालत नाही, आणि म्हणून पंक्चरवाल्याचं ते बोट.

हवेचं टायर आलं १८८८ मध्ये. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला रबरी नळी गुंडाळली. गंमत अशी की त्याच १८८८ सालाशी आपल्याकडची एक मोठी गोष्ट बांधलेली आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. मुंबईहून सायकली आणायच्या, बेळगावात विकायच्या आणि दुरुस्तही करायच्या. किंमत सातशेपासून हजार रुपयांपर्यंत असे आणि चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये, असं सांगतात. त्या काळी पंधरा रुपये म्हणजे अनेकांचा महिन्याचा पगार! सायकल तेव्हा कलेक्टर-वकिलांची मिजास होती. कामावर जायचं गरिबाचं वाहन ती फार नंतर झाली. लोखंडी नांगर १९०३ मध्ये आला, किर्लोस्करवाडी १९१० मध्ये, पंप आणि इंजिनं त्याच्याही नंतर. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे. किर्लोस्करांच्या कारखानदारीची सुरुवात चाकाचा आउट काढण्यापासून झाली, ही माझ्या मते शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापण्याजोगी गोष्ट आहे.

आता खरं कोडं. सायकल पडत का नाही?

१८१७ पर्यंत, एकामागे एक लावलेल्या दोन चाकांवर माणसाला तोल सांभाळता येतो, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. १२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्राइस हा जर्मन उमराव मानहाइम शहरातून आपल्या लाकडी दुचाकीवर निघाला, पायांनी जमीन ढकलत. पायडल नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांकडून हरली. म्हणजे पेशवाईच्या शेवटच्या वर्षात सायकल जन्माला आली, आणि त्याच खडकीत १८६९ साली निघालेल्या दारूगोळा कारखान्यात पुढे सायकलींचे तांडे येऊ लागले.

सायकल का पडत नाही याचं शाळेत मिळणारं उत्तर असतं, फिरतं चाक भोवऱ्यासारखं उभं राहतं. उत्तर चुकीचं नाही, पण पुरं पडत नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हट्टाने अशी सायकल बांधायला घेतली की जी कुणालाच चालवता येऊ नये. पुढच्या चाकाशेजारी त्याने उलट्या दिशेने फिरणारं दुसरं चाक बसवलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम शून्य. तरीही ती बिनधास्त चालवता आली! मग त्याने दुसरं कारण पुढे केलं. हँडलची तिरकी नळी मनातल्या मनात जमिनीपर्यंत लांबवा. ती रेघ, चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. त्यामुळे सायकल डावीकडे कलली की पुढचं चाक आपसूक डावीकडे वळतं आणि पडणाऱ्या अंगाखाली जाऊन त्याला पुन्हा उभं करतं. खुर्चीच्या खालची छोटी चाकं जशी ढकलाल तिकडे मागे लागतात, तसंच हेही.

चाळीस वर्षं लोकांना हे पटलं होतं. मग २०११ साली हॉलंडमधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल इथल्या विद्यापीठांतल्या अरेंड श्वाब, अँडी रुइना, जिम पापाडोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात एक विचित्र सायकल दाखवली. तिच्यात भोवरा नाही, कारण उलट फिरणारी चाकं लावलेली. आणि ती रेघही नाही, उलट चाक तिच्या चार मिलिमीटर पुढे टेकलेलं. वर स्वारही नाही. ढकलून सोडली, वाटेत टपली मारली, आणि ती डगमगून सावरली आणि सरळ गेली. म्हणजे दोन्ही जुनी कारणं गरजेची नाहीत. वजन कुठे किती वाटलंय यावरही बरंच ठरतं. पण सायकल आपोआप उभी राहायला नेमकं काय लागतंच, याची सोपी अट या मंडळींनाही सापडली नाही. समीकरणं १८९९ पासून आहेत, केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या फ्रान्सिस व्हिपलने ती मांडली होती. संगणक ती सोडवतो, उत्तर बरोबर देतो. पण 'अमुक आहे म्हणून पडत नाही' असं एका वाक्यात सांगा म्हटलं की सगळे गप्प बसतात.

याच गटाने २००७ मध्ये एक नमुन्याची सायकल ठरवून गणित केलं. वर हात सोडून पुतळ्यासारखा बसलेला स्वार. ही सायकल साधारण कोणत्या वेगात स्वतःचा तोल स्वतः सांभाळते? सेकंदाला ४.३ ते ६ मीटर. ताशी काढा, साडेपंधरा ते एकवीस-बावीस किलोमीटर. मांड्यांचा हिशेब पंधरावर येऊन थांबला होता, आणि तोलाचा हिशेब पंधरापासून सुरू होतो. प्रत्येक सायकलीचे आकडे वेगळे येतील, हे मान्य. तरी माणसाच्या ताकदीला परवडणारा वेग आणि यंत्राला आवडणारा वेग एकमेकांना इतके खेटून असावेत, याचं मला फार नवल वाटतं. कुणीही हे आखलेलं नव्हतं. लोक करत गेले, पडत गेले, नळी थोडी तिरकी करत गेले.

आणि पोरं तर आणखी पुढची. आपल्या गावांत मोठ्या सायकलीवर सीटपर्यंत पाय न पोचणारी पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारतात. अंग एका बाजूला लोंबकळतं आणि सायकल दुसऱ्या बाजूला झुकलेली. दोघांचं मिळून वजन मात्र बरोबर टायरच्या रेघेवर. कुठल्याही विद्यापीठाने या हाफ पायडलचं समीकरण अजून मांडलं असेल असं वाटत नाही, आणि तासाच्या भाड्याने सायकल आणणाऱ्या पोरांना त्याची गरजही पडली नाही.

हे सगळं जिथे रोज लाखो पायांनी घडत होतं ते शहर पुणं. खडकी-देहूरोडच्या कारखान्यांचे भोंगे, शाळा-कॉलेजं, कचेऱ्या, आणि नऊवारीतल्या, मग पाचवारीतल्या बायकासुद्धा सायकलवर. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची. रात्री दिवा नसला की हवालदार अडवायचा, डबलसीट दिसलं की दंड. आज सायकलीकडे कुणी ढुंकून बघत नाही, तेव्हा ती कर लावण्याइतकी महत्त्वाची होती. ही सायकल मोडली कुणी? परगावच्या कुणी नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ मध्ये चेतक स्कूटर बाहेर पडली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पुणेकर सीटवरून उठून स्कूटरवर बसला. २०१७ मध्ये महापालिकेने मोठा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या रंगीत सायकली फुटपाथवर आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. आराखड्याबद्दल मी इथे जास्त बोलत नाही. पुण्यातल्या सायकल ट्रॅकवर काय काय उभं असतं ते पुणेकरांना माहीत आहे.

दिल्लीच्या रस्त्यावर परत येऊ. आपल्या माणसाला सिग्नल लागलाय. पंधराच्या वेगाने चाललेल्या नव्वद किलोंमध्ये सुमारे आठशे ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी रबर आणि रिम तापवून संपते. पुन्हा त्याच वेगाला यायला तेवढीच ऊर्जा द्यावी लागते, आणि तेवढ्यात तो सपाटीवर पंचावन्न मीटर गेला असता. म्हणजे प्रत्येक लाल दिव्याचा दंड पंचावन्न मीटर. मोटारवाल्याला हा दंड पायात जाणवत नाही, त्याचं पेट्रोल भरतं. सायकलवाला लांबूनच लाल दिवा बघून पायडल थांबवतो, फ्रीव्हील टिकटिकत ठेवतो आणि हिरवा होईतो रेंगाळत येतो, ते याच हिशेबाने. कोपनहेगनमध्ये नोरेब्रोगेड नावाच्या रस्त्यावर सिग्नल ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या सायकलींना सलग हिरवे मिळतील असे जुळवलेले आहेत. आपल्याकडे सिग्नल मोटारींच्या वेगाने जुळवतात, आणि मोटारी तरी कुठे त्या वेगाने जातात.

मे महिन्यात अजून एक चमत्कार. साठ वॉट पायडलला देताना शरीर दोनशे वॉटहून जास्त उष्णता तयार करतं. बाहेर चव्वेचाळीस अंश. तरीही चालत्या सायकलवर शर्ट बहुधा कोरडा दिसतो. दिल्लीची मेमधली हवा इतकी कोरडी की स्वतःच्याच वेगाने आलेला वारा घाम फुटताक्षणी उडवून नेतो, आणि उडताना अंगातली उष्णताही. सिग्नलला थांबलं की वारा बंद, उष्णता चालू. अर्ध्या मिनिटात पाठ भिजते. ऑफिसात पोचल्यावर पाच मिनिटांनी घामाच्या धारा लागतात त्याही यामुळेच. उतरण्याआधी शेवटचे दोनशे मीटर अगदी सावकाश जायचं, हा जुन्या कारकुनांचा उपाय शास्त्राला धरून आहे. जुलैत हवाच ओली होते तेव्हा मात्र कुठलीही युक्ती चालत नाही.

नोव्हेंबरचं काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. श्रम करणारा माणूस बसलेल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट हवा आत घेतो, आणि दिल्लीच्या थंडीत ती हवा कशी असते ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अडीच लाखांहून जास्त ब्रिटिश लोकांचा अभ्यास आला. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं. पण ती ब्रिटनची हवा. दिल्लीच्या सर्वात वाईट आठवड्यात हा आकडा कुणी मिरवू नये. आणि ज्याच्याकडे दुसरं वाहनच नाही त्याला हे निवडायचं नसतंच.

अशी माणसं किती? २०११ च्या जनगणनेने विचारलं, की शेतीबाहेरचं काम करणारे लोक कामावर कसे जातात. सुमारे २ कोटी ६० लाख लोक सायकलने जात होते. मोटारीने ५४ लाख. जवळजवळ पाचास एक! स्कूटर-मोटारसायकलवाल्यांपेक्षाही सायकलवाले थोडे जास्तच भरले. रस्त्याच्या रुंदीकडे बघून हे कुणाला खरं वाटणार नाही. दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद मार्गावर बसची वेगळी मार्गिका झाली, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांच्या आग्रहाने सायकललाही वेगळी पट्टी मिळाली. मोटारवाल्यांनी आरडाओरडा केला आणि २०१६ मध्ये सगळं उखडून टाकलं. ३ जून २०२० रोजी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेल्या जागतिक सायकल दिनीच, ॲटलास कंपनीने दिल्लीच्या सीमेवरच्या साहिबाबादचा कारखाना थांबवून कामगारांना ले-ऑफची नोटीस लावली. टाळेबंदीतून देश सायकल शोधत होता त्याच आठवड्यांत.

सायकली वाढल्या तर अपघात वाढतील, असं वाटणं साहजिक आहे. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक शहरांचे आणि देशांचे आकडे जुळवले, तेव्हा उलटंच निघालं. सायकलस्वार दुप्पट झाले तर जखमी होणारे दुप्पट होत नाहीत, एक तृतीयांशाने वाढतात. म्हणजे एकेकट्याचा धोका तिसऱ्या हिश्शाने उतरतो. कारण बहुधा हे, की रोज दिसणाऱ्या गोष्टीची चालकाच्या डोळ्याला सवय होते. कस्तुरबा गांधी मार्गावर दुपारी तीन वाजता सायकल चालवणं सकाळी नऊपेक्षा भीतिदायक वाटतं. रस्ता रिकामा असतो तरीही, कारण सोबत कमी असते.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, लावायची कुठे. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली आरामात उभ्या राहतात. तरी कचेऱ्यांच्या फाटकांवर मोटारीला सलाम असतो आणि सायकलला चौकशी. ५ जुलै २०१६ रोजी अर्जुन राम मेघवाल सायकलवरून राष्ट्रपती भवनात मंत्रिपदाची शपथ घ्यायला गेले, तेव्हा त्यांची सायकल कुणी अडवली नाही, फोटो मात्र सगळीकडे छापून आले. पहाडगंजहून आलेल्या आपल्या माणसाची सायकल फाटकाबाहेरच्या कठड्यालाच साखळीने बांधलेली असते, आणि संध्याकाळी सुटल्यावर टांग मारण्याआधी त्याला मागच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघावी लागते.